पाचव्या चाकाचं घर

रत्नागिरीतल्या आमच्या तीन घरांपैकी कुठल्याही घरात नवीन सून आली, जावई आला, की त्याला आधी ट्रेलरचे किस्से ऐकावे लागतात. चहा नंतर. एकदा एका जावयाने हळूच घड्याळ बघितलं, तर बापू त्याला म्हणाले, "बसा हो! अजून आपण हातखंब्यालासुद्धा पोचलो नाही!"

किस्से असेच चिकटतात. फणस कापताना हाताला चीक लागतो ना, तसे. पुसायला जावं तर आणखी पसरतात. बापूंच्या तोंडून ऐकाल तर दापोलीचा चढ दर वर्षी थोडा जास्त उभा होतो. आमचे हे सांगतात तेव्हा सगळे निर्णय यांनीच घेतलेले असतात. म्हणून एकदा मीच सांगते. माझं खरं मानायचं, कारण त्या सगळ्या काळात बाकीचे उभे होते आणि मी बहुतेक वेळ बसलेली होते. बसलेल्या माणसाला जास्त दिसतं!

*

सुरुवात माझ्या थापांपासून झाली.

आमचे हे, म्हणजे मधुकर, बापू सुर्वे आणि हमीदभाई हे शाळेपासूनचे दोस्त. हे कचेरीत कारकून. बापूंचा आंब्याचा धंदा आणि स्वतःचा छोटा ट्रक. हमीदभाई बोटीवर फिटर होते, ते नुकतेच कायमचे घरी आले होते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डावा पाय लोखंडी पट्ट्यांच्या बुटात, हातात काठी. बाकी तब्येत ठणठणीत!

दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही घरं मिळून दोन दिवस कुठेतरी समुद्रावर जायची. आणि दर वेळी नेमकी माझी ड्यूटी लागायची. हे आणि पोरं जायची, मी राहायची.

एका वर्षी सगळे गुहागरला गेले. मी ‘ड्यूटी आहे’ सांगून घरीच. पण रजा मात्र मंजूर झालेली होती, म्हणून एक्स्चेंजमध्ये मी सांगून ठेवलं होतं की मीही चाललेय. इंदूवहिनी, म्हणजे बापूंची बायको, तिला तिथे पोचल्यावर वाटलं, शैलाला कळवावं पोरं सुखरूप आहेत म्हणून. तिने गुहागरच्या पोस्टातून फोन लावला.

"शैलाला द्या जरा."

आमची पमा बोर्डवर होती. ती म्हणाली, "शैला नाही आज. ती गुहागरला गेलीय."

इंदूवहिनी म्हणाली, "अगो, मी गुहागराहूनच बोलतेय!"

परत आल्यावर ती बॅग घरी न टाकता थेट माझ्याकडे आली. "खरं सांग. आमच्यात काय कमी पडलं?"

मग सांगावंच लागलं. म्हटलं, "वहिनी, मला खाली बसता येत नाही. दिवसभर कशीही राहीन, वाळूतसुद्धा खुर्ची टाकून बसेन. पण सकाळी कुठे जाऊ? घरी ह्यांनी लाकडी खुर्चीला भोक पाडून दिलंय. ती खुर्ची डोक्यावर घेऊन गावभर फिरू का?"

हे खिडकीतून बाहेर बघायला लागले. ह्यांना सगळं माहीत होतं, पण ते चारचौघांत कसं बोलणार?

ओटीवर बापू चपला काढत होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "एवढंच ना? मग संडास बरोबर घेऊन जाऊया!"

आम्ही सगळे हसलो. बापू हसले नाहीत.

*

पुढच्या रविवारी हमीदभाईंनी एक परदेशी मासिक आणलं. कुठल्याशा बंदरावर घेतलेलं, गुळगुळीत कागदाचं. त्यात फोटो होता. पुढे उघडा ट्रक आणि त्याच्या पाठीवर मान टाकून उभं असलेलं अख्खं घर! खिडक्या, पडदे, आत स्वयंपाकघर, वर बिछाना आणि कोपऱ्यात बसायचा संडास.

"ह्याला फिफ्थ व्हील म्हणतात," हमीदभाई म्हणाले. "पाचवं चाक."

झालं! सगळी पोरं आणि त्यांच्यामागून सगळी मोठी माणसं फोटोवर वाकून चाकं मोजायला लागली. कोणाची चार येत होती, कोणाची आठ. पाच कोणाचीच नाहीत. बापू म्हणाले, "पाचवं म्हणजे स्टेपनी असणार. आत ठेवली असेल."

हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. मग समजावलं. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला हुकाने अडकवतात. हा तसा नाही. ट्रकच्या हौद्यात मागच्या चाकांच्या वर एक लोखंडी जाड थाळी बसवतात. ट्रेलरची मान त्या थाळीत येऊन अडकते. वळणावर मान थाळीवर फिरते, म्हणून ट्रेलर हेलकावे खात नाही. त्या थाळीलाच पाचवं चाक म्हणायचं.

हमीदभाईंची बायको, जुबेदाभाभी, इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे चाक म्हणायचं, पण ते रस्त्यावर धावत नाय?"

"नाही."

"जागच्या जागी बसून असतं?"

"हो."

"आणि बसल्या बसल्या फक्त मान वळवतं?"

"हो, बरोबर!"

"मग ते ह्यांची बोटीवरची नोकरी सुटल्यापासून आमच्या घरात हायच की!"

*

बजेटचं सांगायचं तर, नवीन घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि नवीन मिळतही नव्हता. तिन्ही घरांनी मिळून जेवढे पैसे जमतील तेवढे जमवायचे आणि त्यात जे बसेल ते घ्यायचं, असं ठरलं. बापूंनी ट्रकवाल्यांना सांगून ठेवलं. आठवड्याभरात निरोप आला : हातखंब्याला एका गॅरेजच्या मागे चाकांवरची खोली विकायला आहे, अगदी स्वस्तात!

गेलो सगळे. एक सर्कस बंद पडली होती, तिची ती वॅगन. लाल-पिवळी, भक्कम, टायर जवळजवळ नवे. सर्कशीतला एक म्हातारा राखणीला बसला होता. बापूंनी ठोकून पाहिलं, हमीदभाई खाली शिरून आले. दोघं खूश.

मला मात्र जवळ गेल्यावर काहीतरी वास आला. म्हटलं, "बाबा, ह्यात आधी कोण राहायचं?"

"राजा."

"एकटाच?"

"एकटाच. लई शांत होता."

"मग आता कुठे गेला?"

"पिंजरा आला नवा, त्यातनं सरकारने नेला," म्हातारा म्हणाला. "वाघ होता, बाई."

पोरांनी आनंदाने किंकाळी फोडली. त्यांना तीच गाडी हवी होती. बापू म्हणाले, "वासाचं काय, फिनेल मारू!" तेवढ्यात शेजारच्या हॉटेलचा कुत्रा आला, त्याने वॅगनच्या पायरीचा एकदा वास घेतला आणि शेपूट पोटात घालून जो पळाला, तो गोव्याच्या रस्त्याला लागला.

इंदूवहिनीने पदर खोचला. "चला परत. त्या कुत्र्याला कळतंय ते तुम्हाला कळत नाही!"

*

मग ह्यांनी डोकं चालवलं आणि कोल्हापूरच्या एका बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलावून घेतलं. तो बसच्या बॉड्या बांधायचा. आमच्या अंगणात त्याने खडूने झकास नकाशा काढला. इथे देवघर, इथे भांड्यांची मांडणी, इथे पाहुण्यांसाठी बाक. दोन दारं आणि घंटीसुद्धा!

हे म्हणाले, "आणि संडास?"

मिस्त्री ताडकन उठला. "चालत्या गाडीत?"

"हो. तेच तर मुख्य आहे."

त्याने हातातला खडू खिशात टाकला. मग म्हणाला, "अवो सायेब, माणसं गाडीतनं खालीच उतरली न्हाईत, तर वाटंवरच्या हाटेलवाल्यांनी जगायचं कसं?"

*

असे महिने गेले. खरं सांगू? मला त्या सगळ्याची लाज वाटायला लागली होती. तीन घरांच्या सुट्ट्या माझ्या पायाभोवती फिरत होत्या. एका संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "पुरे आता. तुम्ही जात जा पूर्वीसारखे." हे म्हणाले, "बापूला तू सांग. माझी हिंमत नाही." मी बापूंना फोन केला. ते सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, लाइनीत खरखर आहे, काही ऐकू येत नाही," आणि ठेवून दिला. मी ऑपरेटर! लाइन स्वच्छ होती हे मला कळत नव्हतं होय?

आणि त्याच आठवड्यात अलोऱ्याहून बातमी आली. तिथल्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीजवळ एका ठेकेदाराच्या यार्डात परदेशी इंजिनिअरचा ट्रेलर पडून होता. साहेब काम संपवून कधीच मायदेशी गेला. ट्रेलर मागेच राहिला.

यार्डात पोचलो आणि जुबेदाभाभी ओरडल्या, "अगो बाय, फोटोतलाच!" तसाच होता. पुढची मान उंटासारखी उचललेली, पत्रा पांढरा, आता शेवाळाने हिरवा. कोणी का घेतला नाही ते लगेच कळलं. यार्डाचे भांडारपाल स्वतःच कंटाळून म्हणाले, "लोक येतात, मागे फिरून हुक शोधतात. हुक नाहीच! मग विचारतात, ओढायचा कसा? मला काय माहीत? भंगाराच्या भावात द्यायचाय."

भंगाराचा भाव ऐकूनही बापूंनी घासाघीस सोडली नाही. "भंगार तोडून मिळतं, साहेब. हा अख्खा आहे. तोडायची मेहनत आम्हालाच ना?"

भांडारपाल गोंधळले आणि त्यांनी आणखी कमी केले!

तोवर जो तो आपापली परीक्षा घेत होता. हमीदभाई खाली पाठीवर झोपले होते. हे कागदपत्रं चाळत होते. इंदूवहिनी मानेतल्या वरच्या बिछान्यावर चढून चक्क आडवी झाली होती आणि तिथून उठायला तयार नव्हती. जुबेदाभाभी ओटा केवढा आहे ते वितीने मोजत होत्या. पोरं सगळे कप्पे उघडत होती. पसंत, पसंत, असा गजर चालला होता. मला कोणी विचारलंच नाही.

मी एकटी पायऱ्या चढले. दाराशी धरायला दांडा होता. खिडकीच्या फटीत एक केसांची पिन अडकली होती, म्हणजे मडमही राहत असणार. आत शेवटी एक अरुंद दार होतं. मी ते उघडलं, आत गेले आणि लुगड्यासकट, बुटासकट तशीच बसले. काठी भिंतीला टेकवली. गुडघ्याला जागा पुरत होती. उठताना धरायला बेसिन होतं. उठून पाहिलं, परत बसून पाहिलं.

सगळ्यांच्या लक्षात आलं असावं. बापूंनी पायरीशी येऊन, खाली मान घालून विचारलं, "वहिनी, काय?"

मी आतून म्हटलं, "घ्या."

*

ट्रकच्या हौद्यात थाळी हमीदभाईंनी स्वतः बसवली. पण थाळीत मान बसवायची तर ट्रक नेमका मागे घ्यायला हवा. बापू स्टिअरिंगवर, हमीदभाई मागे उभे. त्यांच्या तोंडी बोटीवरची भाषा. "स्लो अस्टर्न! पोर्ट! पोर्ट! स्टॉप इंजिन!"

बापू एकदा डावीकडे गेले, एकदा उजवीकडे, एकदा पुढे. शेवटी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "हमीद, मेल्या, मराठीत सांग!"

हमीदभाई म्हणाले, "मागे ये. पण प्रेमाने!"

खट्! पहिल्या झटक्यात बसली.

*

येताना मी ट्रेलरमध्येच बसले होते, खिडकीपाशी. हातखंब्याच्या नाक्यावर पोलिसाने हात केला. त्याने ट्रकला फेरी मारली, ट्रेलरला फेरी मारली, टोपी काढून डोकं पुसलं.

"हे काय आहे?"

"घर," बापू म्हणाले.

"घर रस्त्यावर कसं?"

"हलवतोय."

पोलिसाला काही ते पटेना. तो दाराशी आला. मी आत खुर्चीवर बसून वेणी घालत होते. तो दचकला, दोन पावलं मागे सरला. मग कायदेशीर आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही कुठे राहता?"

"इथेच."

"इथेच म्हणजे? पत्ता सांगा पत्ता!"

म्हटलं, "आत्ता हातखंबा. अर्ध्या तासाने रत्नागिरी."

त्याने टोपी परत डोक्यावर घातली. मग बापूंना म्हणाला, "न्या लवकर. नाहीतर ही बाई माझ्या हद्दीत राहायला आली असं होईल!"

*

घरी आणून धुतला, पडदे लावले, आणि दिवाळीनंतर पहिली ट्रिप निघाली हर्णेला. खेड सोडून दापोलीच्या चढाला लागलो आणि ट्रकला दम लागला. पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चढायचा, थांबायचा, मागे घसरायला बघायचा. सगळे उतरले, ढकलायला लागले.

मी दारात आले तर चारी बाजूंनी ओरडा. "तुम्ही बसा! शैला, तू उतरू नको! शैलाताई, आतच राहा!"

तिथे मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी सामान नाही. मी उतरणार. काम सांगा!"

कोणालाच काम सुचेना. मग हमीदभाई म्हणाले, "गाडी थांबली की चाकामागे धोंडा लागेल. तो द्या."

मला वाकता येत नाही. पण माझ्याकडे काठी आहे! ट्रेलरचं चाक जसं पुढे सरकेल तसा मी काठीने धोंडा त्याच्यामागे ढकलत न्यायचा. सगळा चढ मी त्या चाकाच्या बाजूने चालले. आणि मजा म्हणजे मला कोणाच्या मागे पडायची भीती नव्हती. ट्रेलरचा आणि माझा वेग अगदी एक! घाम निघत होता, पट्ट्या काचत होत्या आणि मला तो चढ संपू नये असं वाटत होतं.

समोरून एसटी आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पुढे एक घर हळूहळू डोंगर चढतंय, त्याच्या बाजूने एक बाई काठीने त्याला हाकतेय! त्याने मान बाहेर काढली आणि मला विचारलं,

"बाई, चालायला शिकवताय काय त्याला?"

*

हर्णेला समुद्राजवळच्या मोकळ्या जागेत ट्रेलर लावला. हमीदभाईंनी मागे खोल खड्डा खणून पाइप सोडला, वर फळ्या टाकल्या. विहिरीचं पाणी टाकीत भरलं. संध्याकाळी सगळे लिलाव बघायला गेले, मीही खुर्ची टाकून तिथे बसले. होड्या लागत होत्या, मासळीचे ढीग पडत होते, कोळणी भांडत होत्या, हसत होत्या. एक वयस्कर बाई होती, पारूमावशी. तिने मला येऊन विचारलं, "तू त्या घरातली काय? बघाया येऊ?"

आली. तिच्यामागून आणखी बायका आल्या. त्यांनी शेगडी बघितली, वरचा बिछाना बघितला, नळ चालू-बंद करून बघितला. शेवटचं अरुंद दार बघितल्यावर पारूमावशीने विचारलं, "ह्यात काय?"

सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "घरात? जेवतात तिथंच?" पारूमावशी हसली नाही. तिने आत वाकून बघितलं, दार एकदा लोटून बघितलं, आणि गेली.

पहाटे मला जाग आली. मी खिडकीशी बसले. उजाडायला लागलं होतं. बायका हातात डबे घेऊन किनाऱ्यावरच्या खडकांकडे चालल्या होत्या. तिथे बसल्या. तेवढ्यात वाटेवरून एक सायकलवाला आला. तशा सगळ्या एकदम उभ्या राहिल्या, पाठ करून. तो गेला, बसल्या. मग होडीकडे जाणारे दोघं-तिघं आले. परत सगळ्या उभ्या. मी पडदा सोडला.

दारावर टकटक झालं. पारूमावशी होती. डोक्यावर रिकामी पाटी.

मी बाजूला सरले. तिने पाटी पायरीवर ठेवली, पाय झटकले आणि आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

एवढ्यात इंदूवहिनी उठली, जुबेदाभाभी उठल्या. मी खुणेने सांगितलं. दोघी स्टोव्हला पंपसुद्धा न मारता बसून राहिल्या. बाहेर हळूहळू उजाडलं. बापू विहिरीवरून पाण्याच्या बादल्या घेऊन आले, मी खिडकीतून हात केला, तसे ते तिथेच लांब उभे राहिले. हमीदभाई त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. हे पण. खाली पायरीशी आणखी दोन बायका येऊन थांबल्या होत्या, मग चार झाल्या.

बराच वेळ झाला. पारूमावशी काही बाहेर येईना. इंदूवहिनी घाबरली. तिने जाऊन दारावर हलकेच हात ठेवला. "मावशी, बरी हायस ना गो?"

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. कडी निघाली. पारूमावशी बाहेर आली, तिने लुगडं नीट केलं, माझ्याकडे बघितलं, खाली थांबलेल्या बायकांकडे बघितलं.

"काय झालं?" इंदूवहिनीने विचारलं.

"काय व्हयाचं हाय?" पारूमावशी म्हणाली. तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली. "बसली ती बसली. येकदा पण उठाया नाय लागलं!"